लाल कॅनरी सुंदर, पण ‘म्युटेशन’ नाही

दुकान स्वच्छ, पिंजरे मोकळे, पक्षी ठणठणीत. त्याबद्दल तक्रार नाही. पण लाल कॅनरी मला ‘म्युटेशन आहे’ (म्हणजे जनुकात आपोआप झालेला बदल) असं सांगून जास्त भावात दिली, ते पटलं नाही. हा लाल रंग संकरातून आलाय. १९२०च्या दशकात जर्मनीत पक्षीअभ्यासक हान्स डुंकर यांनी त्यासाठी व्हेनेझुएलाच्या लाल सिस्किन या छोट्या पक्ष्याशी कॅनरीची जोडी लावली. शिवाय पिसं झडतात तेव्हा खाण्यात कॅन्थॅझँथिन (लाल रंगद्रव्य) नसेल तर नवी पिसं फिकी येतात. माझ्या नराच्या छातीवर आता नारिंगी ठिपके दिसतायत.

कॅनरीच्या डोक्यावरचा तुरा मात्र खरं म्युटेशन. तिथे एका पिंजऱ्यात दोन तुरेवाले जोडीला ठेवले होते! तुऱ्याचं जनुक दोन्हीकडून आलं तर पिल्लू जगत नाही. मी सांगितल्यावर मालकांनी लगेच बिनतुऱ्याची मादी आणून ठेवली, हे मला फार आवडलं.