जुन्या मशीनचा सी ड्राइव्ह लहान करायचाय: लिनक्सची फ्लॉपी, पेनड्राइव्ह की डिस्कच काढायची?

नागपूरच्या इतवारी-महालातल्या दुकानांत हिशेबाची जुनी मशीनं अजून चालू आहेत. अख्ख्या डिस्कवर एकच सी ड्राइव्ह, आणि त्यातून डेटासाठी डी काढायचा असतो.

विंडोज व्हिस्टा किंवा नंतरचं असेल तर डिस्क मॅनेजमेंटमधलं श्रिंक व्हॉल्यूम पुरे. मात्र न हलणारी एखादी फाइल ड्राइव्हच्या शेवटाकडे बसलेली असेल, तर निम्मी डिस्क रिकामी असूनही ते थोडीशीच जागा सोडतं.

एक्सपी किंवा ९८ मध्ये ही सोय नाही. मशीन सीडी किंवा पेनड्राइव्हवरून बूट होत असेल तर जीपार्टेड लाइव्ह घ्या, म्हणजे डिस्कचे भाग लहान-मोठे करणारं, थेट बूट होणारं लिनक्स. पट्टी माउसने ओढायची. फाइल सिस्टिम (फाइली मांडून ठेवणारी रचना) आणि पार्टिशन (ती रचना ज्यात बसते तो डिस्कचा भाग) दोन्ही ते योग्य क्रमाने लहान करतं. रॅम फार कमी असेल तर मात्र ते धड चालत नाही.

आता फ्लॉपी, म्हणजे छोटं लिनक्स आणि पुढची साधनं असलेली बूट होणारी चकती. फॅट३२ आणि एनटीएफएस हे विंडोजच्या फाइल सिस्टिमचे दोन प्रकार. सी फॅट३२ असेल तर पार्टेड या साधनाच्या जुन्या आवृत्तीची रिसाइज कमांड एकटीच काम करते. एनटीएफएस असेल तर काम दोन टप्प्यांचं, आणि चुका इथेच होतात. एनटीएफएसरिसाइझ हे साधन फक्त फाइल सिस्टिम आकसतं, पार्टिशन कुठून कुठपर्यंत आहे या नोंदीला हात लावत नाही. ती नोंद एफडिस्क या साधनात पुसून पुन्हा लिहायची. नोंद पुसली तरी डेटा जागेवरच राहतो, पण नवी नोंद जुन्याच सेक्टरपासून सुरू झाली पाहिजे आणि आकसलेल्या फाइल सिस्टिमपेक्षा लहान नको. टाइप ७ (एनटीएफएसचा क्रमांक) आणि अ‍ॅक्टिव्हची (इथूनच बूट व्हायचं ही) खूण परत लावा, नाहीतर विंडोज उठणार नाही. जुना सुरुवातीचा सेक्टर कागदावर लिहून ठेवा, हे मी प्रत्येकाला बजावतो. आधी एनटीएफएसरिसाइझला नो-अ‍ॅक्शन हा पर्याय लावून, डिस्कवर काहीही न बदलता, रंगीत तालीमही करता येते. नंतर विंडोज पहिल्यांदा सुरू होताना चेकडिस्क, म्हणजे डिस्कची तपासणी, चालवतं. ते थांबवू नका.

फ्लॉपीची खरी अडचण फ्लॉपीच आहे. १.४४ एमबीची जुनी चकती, एक सेक्टर खराब झाला की बूट अर्ध्यात अडकतं. दोन प्रती करून ठेवा.

कोणतीही पद्धत घ्या, डेटा सरकत असताना लाईन गेली तर फाइल सिस्टिम मोडू शकते. मे महिन्यात गल्लीभर कूलर चालू असताना हे काम काढू नका. पहाटे, यूपीएसवर करा.

माझं मत विचाराल तर मशीन उघडता येत असेल तेव्हा डिस्क काढा, आयडीई-यूएसबी अ‍ॅडॉप्टरने (जुन्या आयडीई डिस्कला यूएसबी देणारा जोड) दुसऱ्या मशीनला जोडा, पूर्ण इमेज (अख्ख्या डिस्कची हुबेहूब प्रत) घ्या आणि तिथेच जीपार्टेडने काम उरका. फ्लॉपी मी वापरतो ती मशीन उघडता येत नसेल आणि दुसरं काहीच बूट होत नसेल तेव्हा, तेही हिशेबाच्या फाइलींची प्रत बाहेर घेतल्यावरच.