फॉस्फेट तपासायचा संच: तळीच्या पाण्यासाठी तीन तारे, चिखलासाठी चार

आमच्या वाड्यावरची देवळाची तळी एप्रिलमध्ये मुगाच्या कढणासारखी हिरवी होते. यंदा देवस्थान समितीने मला गाठलं. "सर, तुम्ही केमिस्ट्री शिकवायचात, बघा की काय ते." शेवाळाचं खत म्हणजे फॉस्फेट, म्हणून ते तपासायचा साडेआठशे रुपयांचा, ५० चाचण्यांचा संच ऑनलाइन मागवला. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

आत एक ॲसिडची बाटली, पुड्या, काचेची नळी आणि रंगपट्टी. रसायन जुनंच आहे: मॉलिब्डेट आणि ॲस्कॉर्बिक ॲसिड, म्हणजे क जीवनसत्त्व. पाण्यात मोकळं फॉस्फेट असेल तर निळा रंग येतो. नळी मात्र कपड्यांच्या साबणाने धुऊ नका. काही साबणांत फॉस्फेट असतं. पहिल्या दिवशी मला नळाच्या पाण्यातही निळाई दिसली ती त्यामुळेच.

तळीच्या पाण्याचा निकाल आला शून्य. पाणी हिरवंगार, आणि निकाल शून्य! हेल्पलाइनवरच्या मुलाने सांगितलं, "सर, म्हणजे पाणी स्वच्छ आहे." इथे एक तारा कापला. पट्टीवरचा पहिला निळा चौकोन लिटरला ०.२५ मिलिग्रॅम फॉस्फेटचा. त्याला तीनाने भागलं की फॉस्फरस निघतो, साधारण ०.०८. तळं शेवाळायला सगळ्या रूपांतला फॉस्फरस मिळून लिटरला ०.०३ मिलिग्रॅमच्या आसपास पुरतो. संचाचं शून्य जिथे संपतं, त्याच्या कितीतरी आधी तळीचं दुखणं सुरू झालेलं असतं. शिवाय मोकळं झालेलं फॉस्फेट शेवाळ लगेच गिळतं, ते नळीपर्यंत पोचतच नाही.

खरा साठा तळाच्या चिखलात. चतुर्थीचं निर्माल्य, माटोळीची (गणपतीवर टांगतात त्या चौकटीची) पानंफळं, माडाची झावळं, मेलेलं शेवाळ, सगळं तिथे जाऊन बसतं. त्यातला फॉस्फरस सेंद्रिय रेणूंत अडकलेला असतो. पेशींच्या आवरणातला आणि डीएनएतला त्यामानाने लवकर सुटतो. बियांतलं फायटेट मात्र चिवट: एका रेणूवर सहा फॉस्फेटं, आणि आमच्या जांभ्या मातीतल्या लोहाला घट्ट चिकटून बसणारं. हे सोडवायचं काम जिवाणूंच्या फॉस्फेटेज विकरांचं (एन्झाइमांचं), आणि ऊन तापलं की ते जोरात चालतं.

मग मी चिखलच तपासायचा ठरवला. उराकाच्या (काजूच्या दारूच्या) तीन रिकाम्या बाटल्या घेतल्या, प्रत्येकीत मूठभर चिखल आणि वर तळीचं पाणी. एकीत नातवाच्या फिशटँकचा पंप सोडला. दुसरी काठोकाठ भरून, बूच घट्ट लावून माळ्यावर अंधारात ठेवली. तिसरीचा चिखल आधी आठ दिवस गच्चीवर वाळवला होता.

पंधरा दिवसांनी पंपाच्या बाटलीत निळाई असून नसल्यासारखी. बंद बाटली उघडली तर सडक्या अंड्याचा वास, आणि पट्टीवर १ ते २ च्या मध्ये. हवा संपली की चिखलातलं लोह विरघळतं आणि धरून ठेवलेलं फॉस्फेट सोडून देतं. वाळवलेल्या चिखलाने तर पाणी घातल्यावर एका रात्रीत ०.५ दाखवलं होतं. वाळताना जिवाणू मरतात, भिजल्यावर फुटतात, त्यांच्या पोटातलं बाहेर येतं. उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या काठावर पहिला पाऊस पडतो तेव्हा हेच होत असणार.

एक चूक मात्र करू नका. बंद बाटली उघडून मी चहाला गेलो. तासाभराने पाणी गंजाच्या रंगाचं झालं होतं, आणि त्याच पाण्याची दुसरी चाचणी जवळजवळ कोरी आली. हवा लागताच लोहाने फॉस्फेट परत पकडलं. उघडल्या उघडल्या कॉफीच्या फिल्टरमधून गाळा आणि पुडी टाका.

यातलं किती लोहापासून सुटलं आणि किती सेंद्रिय रेणूंतून, ते हा संच सांगत नाही. खोक्यावर मात्र "संपूर्ण फॉस्फेट तपासणी" असं ठळक छापलंय, ते साफ खोटं. संपूर्ण म्हणायचं तर पाणी परसल्फेट (सेंद्रिय रेणू तोडणारं रसायन) घालून १२१ अंशांवर उकळावं लागतं. साधारण प्रेशर कुकरचंच तापमान, पण कृपा करून घरच्या कुकरात नको. चिखलातला सेंद्रिय वाटा काढायचा तर एक नमुना ५५० अंशांवर जाळायचा, एक तसाच ठेवायचा, दोन्ही आम्लात काढून वजाबाकी करायची. ते प्रयोगशाळेचं काम.

समितीला मी सांगितलं ते एवढंच: चुना, तुरटी नको, निर्माल्य काठावरच अडवा, आणि गाळ काढायचा तर काठावर वाळत न टाकता थेट माडांच्या आळ्यात न्या. अध्यक्षांना चुन्याचीच घाई होती, ते जरा नाराज झाले.

मागवायचा असेल तर पावसाळ्याआधी मागवू नका. जूनच्या दमटपणात दोन पुड्या पिवळट पडल्या, त्या फेकल्या. उरलेल्या तांदळाच्या डब्यात ठेवल्यात. अकरा आहेत, चतुर्थीनंतरच्या पंधरवड्यासाठी.