हेलिकॉप्टरची मोठी तपासणी कंत्राटदाराकडे: चार हेलिकॉप्टरांनंतरचा अभिप्राय

गेल्या दोन वर्षांत आमच्या तुकडीची चार हेलिकॉप्टरे मोठ्या तपासणीसाठी एका खासगी कंत्राटदाराच्या हँगरमध्ये गेली. ती परत ताब्यात घेण्याची जबाबदारी माझ्याकडे होती, त्यामुळे हा अभिप्राय अहवाल वाचून नव्हे, तर उघडलेल्या पॅनलांत डोके घालून जे दिसले त्यावरून लिहीत आहे. कंत्राटदाराचे नाव देत नाही, कारण मला ज्या उणिवा जाणवल्या त्यांतल्या बऱ्याच करारातून आलेल्या आहेत.

ठरावीक उड्डाणतास भरले की लष्करी हेलिकॉप्टर जवळजवळ सांगाड्यापर्यंत उघडावे लागते. मुख्य रोटरची पाती आणि ती ज्याला जोडलेली असतात तो हब उतरतो, गिअरबॉक्स आणि शेपटीकडे जाणारे शाफ्ट तपासले जातात, केबिनची जमीन उचलून खालच्या पत्र्यांवर चिरा आणि गंज शोधला जातो. मग सगळे पुन्हा जोडून, चाचणी उड्डाणात कंपने मोजत रोटरचा तोल साधला जातो. या कामात माणसे कित्येक आठवडे अडकतात आणि तेवढा काळ रोजच्या उड्डाणांसाठी हात कमी पडतात. काम बाहेर देण्यामागचे हे कारण मला पूर्ण मान्य आहे.

कारागिरीबद्दल तक्रारीला जागा नाही. आमच्याकडे मेकॅनिक एका प्रकारच्या हेलिकॉप्टरवर रुळतो न रुळतो तोच त्याची बदली होते, तर तिथले निम्मे लोक वर्षानुवर्षे हेच हेलिकॉप्टर उघडत आले आहेत. एका वयस्क मेकॅनिकला मी लॉकवायर, म्हणजे बोल्ट सैल होऊ नये म्हणून त्यातून ओवायची तार, बांधताना पाहिले. तारेचा पीळ नेहमी बोल्ट आवळण्याच्या दिशेने ओढला गेला पाहिजे, हा नियम सगळ्यांना पाठ असतो. पण हा गृहस्थ बांधून झाल्यावर प्रत्येक तारेवरून डोळे मिटून बोट फिरवत होता आणि एक तार त्याने तेवढ्यावरून कापून पुन्हा बांधली. हत्यारे टांगण्याचे फळे, टॉर्क रेंचची (बोल्ट मोजून आवळण्याच्या पान्यांची) प्रमाणपत्रे, नोंदवह्या हे सगळेही चोख होते.

खरी अडचण सापडलेल्या दोषांची आहे. आमच्या करारात तपासणीचा मोबदला ठरावीक आहे आणि तपासणीत सापडलेल्या दोषांची दुरुस्ती वेगळ्या मंजुरीने, वेगळ्या बिलाने होते. म्हणजे दोष शोधणारा आणि त्यावर कमावणारा एकच. तिसऱ्या हेलिकॉप्टरच्या वेळी दोषांची यादी इतकी लांबली की, ज्या ओरखड्यांना नियमपुस्तिका सरळ सूट देते तेही तिच्यात आले होते. चौथ्यापासून कराराच्या दुरुस्तीने गंज काढण्याचे काम ठरावीक मोबदल्यातच धरण्यात आले आणि लगेच पारडे उलट दिशेला झुकले. ताबा घेताना केबिनच्या जमिनीखाली, पाणी निघून जाण्याच्या भोकाशेजारी, रंग जरा जास्तच नवा दिसला. नखाने दाबताच पापुद्रा सुटला आणि खाली गंजलेल्या ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी निघाली. कोणी मुद्दाम लपवले असे मी म्हणणार नाही. पण फुकट करायचे काम माणूस हात राखून करतो, आणि करार लिहिणाऱ्याने हे गृहीत धरायला हवे होते.

विलंबाचा दोष मात्र निम्मा आमचा. मंजुरीची फाइल आमच्याच कार्यालयात फिरत राहिली आणि तोवर हेलिकॉप्टर तिकडे जॅकवर उभे होते.

ही उदाहरणे ऐकून ‘म्हणूनच सगळे काम वर्दीतल्या माणसांकडेच हवे’ असे म्हणणारे सहकारी माझ्याकडे आहेत. त्यांना मी ऑस्ट्रेलियन नौदलाच्या सी किंगची आठवण देतो. २ एप्रिल २००५ रोजी इंडोनेशियातील नियास बेटावर भूकंपग्रस्तांच्या मदतीला गेलेले हे हेलिकॉप्टर कोसळले आणि नऊ जण गेले. उड्डाण-नियंत्रणाच्या जोडणीतला एक नट आणि तो निसटू नये म्हणून घालायची स्प्लिट पिन नीट बसवलेली नव्हती, असे चौकशीत निष्पन्न झाले. आणि ते काम नौदलाच्या स्वतःच्याच माणसांनी केलेले होते. अशा जोडणीला हात लागला की, ती ज्याने बांधली नाही अशा दुसऱ्या माणसाने स्वतंत्रपणे पाहिली पाहिजे. वर्दी असो वा कंत्राट, हा दुसरा डोळा खरोखर बघतो की नुसती सही करतो, यावर माझा निर्णय अवलंबून राहील. या कंत्राटदाराकडे दुसरी सही करणारा त्याच पाळीचा, त्याच पर्यवेक्षकाच्या हाताखालचा असतो. कागदोपत्री ते पुरेसे आहे, मला पुरेसे वाटत नाही.

आणखी एक गोष्ट बिलात दिसत नाही. आमच्या तरुण मेकॅनिकांपैकी अनेकांनी या हेलिकॉप्टरची जमीन उचललेली कधी पाहिलेलीच नाही. तळापासून दूर, उघड्यावर गिअरबॉक्स बदलायची वेळ येईल तेव्हा कंत्राटदार सोबत नसेल.

तरीही पाचवे हेलिकॉप्टर मी तिथेच पाठवण्याची शिफारस केली आहे, तीन अटींवर. आमचा एक निरीक्षक आणि दोन तरुण मेकॅनिक पूर्ण काळ त्या हँगरमध्ये राहतील. उड्डाण-नियंत्रणाच्या प्रत्येक जोडणीवरची दुसरी सही आमच्या निरीक्षकाची असेल. आणि त्याने फोटो घेऊन जागा तपासल्याशिवाय जमिनीखाली रंगाचा ब्रश फिरणार नाही. कंत्राटदाराने पहिल्या दोन अटी लगेच मान्य केल्या. तिसरीवर अजून बोलणी चालू आहेत.