सीतलामाता बाजारातला बस्ता आणि ठेंगण्या बांध्याची नवरी

माझी उंची ४ फूट ११ इंच आहे आणि कमरेखालचा बांधा भरलेला आहे. गेल्या मार्गशीर्षात माझे लग्न झाले. स्वागत समारंभाचा घागरा आणि आहेराच्या साड्या सोडल्या, तर सगळा बस्ता आम्ही इंदूरच्या राजवाड्याजवळ, सीतलामाता बाजारातील साड्यांच्या एका जुन्या दुकानात बांधला. शालूसाठी पुण्याला किंवा येवल्याला जाण्याची आमच्या नात्यातील बऱ्याच घरांची रीत आहे. ती सोडून आम्ही गावातच खरेदी केली, याचे मला आजही समाधान वाटते.

आत्याच्या सांगण्यावरून आम्ही पहिली फेरी पितृपक्षात केली. त्या पंधरवड्यात लग्नाची खरेदी कोणी करत नाही, त्यामुळे एरवी पाय ठेवायला जागा नसलेल्या त्या गल्लीत दुकानदारांना बोलायला निवांत वेळ असतो. पाहणी तेव्हा झाली आणि पैसे घटस्थापनेनंतर दिले.

दुकान अरुंद आहे. पांढऱ्या चादरीच्या गादीवर बसून साड्या पाहायच्या, ही जुनी पद्धत तिथे अजून टिकून आहे. तिथल्या वयस्कर विक्रेत्यांनी किती रुपयांपर्यंतची साडी हवी हे विचारण्याआधी लग्नात मला किती वेळ बसावे लागणार आहे ते विचारले. मी आरशासमोर उभी राहून एक जरीचा भरजरी शालू अंगावर लावून पाहत होते आणि तो मला फार आवडला होता. त्यांनी आतून एक पाट आणवला आणि म्हणाले, “बैठके देखो, बिटिया.” बसताक्षणी त्या ताठ वस्त्राच्या निऱ्या पोटासमोर फुगून उभ्या राहिल्या आणि माझा निम्मा देह त्यांच्याआड गेला. गौरीहर, कन्यादान यांसारखे बरेचसे विधी बसूनच करायचे असतात, बहुतेक छायाचित्रेही त्याच वेळी निघतात, आणि तरीही आपण लग्नाचे वस्त्र उभ्यानेच निवडतो, ही गोष्ट तोवर माझ्या ध्यानात आली नव्हती.

ठेंगण्या मुलींची खरी अडचण साडीच्या पन्ह्यात, म्हणजे रुंदीत असते, हेही त्यांनीच समजावून सांगितले. साडीचा पन्हा साधारण ४५ इंचांचा असतो आणि माझे कमरेपासून जमिनीपर्यंतचे माप ३६ इंच भरते. उरलेले नऊ इंच कापड कमरेपाशी आत खोचावे लागते. कापड जाड असेल तर त्याचे वेटोळे पोटावर आणि नितंबांवर दिसते, तलम असेल तर ते जाणवतही नाही. नऊवारीत तर कापडाची लांबीच जवळजवळ सव्वाआठ मीटर असते आणि काष्ट्याचा सगळा भार कमरेवर येतो, त्यामुळे तिथे पोताची निवड अधिकच काळजीने करावी लागते. काठाचेही तसेच आहे. आठ-दहा इंचांचा काठ उंच मुलीला राजसपणा देतो, माझ्या अंगावर मात्र त्याने पायांची उंची मधोमध तोडल्यासारखी दिसत होती. अखेरीस मऊ रेशमाची, तीन इंची काठाची, बारीक बुट्ट्यांची डाळिंबी नऊवारी मी १९,००० रुपयांना घेतली. तिच्यावर सिल्क मार्कची, म्हणजे शुद्ध रेशमाची खात्री देणारी खूणचिठ्ठी होती. ती नसेल, तर इतक्या किमतीचे रेशीम घेऊ नये असे माझे मत आहे.

मामाकडून लग्नविधीसाठी येणारी पिवळी साडी, म्हणजे अष्टपुत्री, मात्र आम्ही महेश्वरी घेतली, आणि संपूर्ण बस्त्यात मला सर्वांत शोभलेले वस्त्र तेच ठरले. अहिल्याबाईंच्या आश्रयाने महेश्वरला वाढलेले हे विणकाम इंदूरच्या मराठी घरांना परके नाही. रेशमी ताणा (उभे धागे) आणि सुती बाणा (आडवे धागे) असलेली महेश्वरी वजनाला हलकी असते, अंगासरशी बसते आणि तरीही चापूनचोपून घातलेल्या निऱ्या विस्कटू देत नाही. तिचा पारंपरिक काठ दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, त्यामुळे पदर उलटला तरी उलटी बाजू उघडी पडत नाही. साडेसहा हजारांच्या त्या साडीने जे साधले, ते तिच्या तिप्पट किमतीच्या शालूंना साधले नव्हते.

ब्लाउज दुकानात न शिवता आमच्या घराजवळच्या काकूंकडून शिवून घेतले. लग्नाच्या दिवशी जे अंतर्वस्त्र घालणार तेच घालून माप द्यावे, असा त्यांचा आग्रह होता आणि तो शंभर टक्के योग्य होता. बाही दंडाच्या सर्वांत रुंद भागावर संपली की दंड अधिक भरलेला दिसतो, म्हणून त्यांनी ती कोपराच्या किंचित वर आणली. मुंढा, म्हणजे खांद्याजवळचा बाहीचा घेर, घट्ट घेतला, परंतु आत दीड इंचाचा दाब, म्हणजे उसवून वाढवता येईल असे जास्तीचे कापड, राखला.

घागऱ्याचा अनुभव वाईट होता. तो शहराच्या दुसऱ्या भागातील एका मोठ्या दालनातून घेतला होता. तिथे कुर्त्यावरूनच माप घेतले आणि पायात सपाट चप्पल असताना लांबी ठरवली. समारंभात मी तीन इंची टाचांच्या चपला घालणार हे मी सांगितले होते, तरी घागरा आखूड आला, आणि आत दाब न ठेवल्यामुळे उसवून वाढवण्यासारखे काहीच उरले नव्हते. शिवाय कॅन-कॅनच्या, म्हणजे आतल्या ताठ जाळीच्या, थरांमुळे तो कमरेपासूनच फुगत होता. काकूंनी वरचे थर काढले आणि खाली त्याच रंगाची पट्टी जोडली, तेव्हा तो नेसण्याजोगा झाला. बोहल्यावर आपण अनवाणी असतो आणि स्वागत समारंभात टाचांवर, म्हणून दोन्ही मापे वेगळी घ्यायला हवीत, हे त्या दालनाने स्वतःहून विचारायला हवे होते.

सीतलामाता बाजारातील त्या दुकानातही उणिवा आहेत. गाडी दूर लावून चालत जावे लागते. पैठण्यांची निवड फारच थोडी आहे. फॉल-पिको झाल्यावर साडी बदलून मिळत नाही. आहेराच्या साड्या तिथे महाग वाटल्याने त्या आम्ही महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केटमधून घेतल्या. सर्वांत मोठी उणीव आरशाची आहे. दुकानात एकच आरसा असून तो भिंतीवर इतका उंच लावलेला आहे की, पाटावर बसल्यावर त्यात फक्त चेहरा दिसतो. आई समोर बसून मोबाईलवर माझी छायाचित्रे काढत होती आणि आम्ही प्रत्येक साडीचा निर्णय त्यांवरूनच घेतला, तेव्हा तिथे एकटीने जाऊ नये.