.४५ घ्यायचं ठरलंय: पोलादी १९११ की पॉलिमर?

ह्यूस्टनमध्ये वर्ष-दोन वर्षं शूटिंग रेंजवर नऊ एमएम पिस्तूल चालवून झालं की .४५ चं, म्हणजे त्याहून जाड गोळीच्या पिस्तुलाचं, वेड लागतं. माझंही तसंच झालं. ज्या प्रश्नावर मी तेव्हा आठ महिने घालवले, तोच प्रश्न आता ओळखीतले दोघं-तिघं मला विचारताहेत: जुन्या घाटाचं पोलादी १९११ घ्यावं, की प्लॅस्टिकसारख्या पॉलिमर फ्रेमचं, काडतुसं दोन रांगांत बसवणाऱ्या (डबल-स्टॅक) मॅगझिनचं, बाहेर घोडा नसलेलं स्ट्रायकरवालं? दोन्ही घाटांची पिस्तुलं मी भाड्यानं घेऊन चालवली, मित्रांची मागून चालवली आणि शेवटी एक विकत घेतलं. कुठलं ते पुढं कळेलच. पण दुसरं वाईट आहे असं माझं म्हणणं नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

कायद्याचं एकच सांगतो, कारण आपल्या लोकांचा इथं घोटाळा होतो. एच-१बीसारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर बंदूक बाळगायला केंद्रीय कायद्यानं मनाई आहे. शिकारीचा परवाना वगैरे मोजके अपवाद सोडले तर. ग्रीन कार्डवाल्याला अडचण नाही. दुकानात जो ४४७३ नंबरचा फॉर्म भरून घेतात, त्यात हा प्रश्न असतो, आणि तिथं जाणूनबुजून खोटं उत्तर देणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. टेक्सासात २०२१ पासून परवान्याशिवाय पिस्तूल जवळ बाळगता येतं, एवढं ऐकून कुणी घाई करू नये.

नऊ एमएम सोडून .४५ कशाला, हा वाद इथं घालत नाही. गोळ्या महाग पडतात, मॅगझिनमध्ये कमी मावतात, एफबीआयसुद्धा गेल्या दशकात .४० सोडून नऊ एमएमकडे परत गेली. हे सगळं माहीत असूनही ज्याला .४५ हवंय, त्याच्यासाठी लिहितोय. आपल्याकडे परवानाधारकाला पिस्तुलात सहसा .३२ वर समाधान मानावं लागतं, नऊ एमएम तर ‘प्रोहिबिटेड बोअर’, म्हणजे साध्या परवान्यावर न मिळणारं. त्यामुळे २३० ग्रेन वजनाची ती जाड, संथ गोळी पहिल्यांदा झाडताना जे वाटतं, ते आपल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

१९११ ही कंपनी नव्हे, घाट आहे. जॉन ब्राउनिंगनं आखलेला, अमेरिकन लष्करानं मार्च १९११ मध्ये स्वीकारलेला आणि १९८५ पर्यंत अधिकृत ठेवलेला. स्वीकारण्याआधीच्या चाचणीत सहा हजार गोळ्या झाडून एकदाही अडलं नाही, ही गोष्ट काउंटरवरचा माणूस तुम्हाला सांगणारच. आज तो घाट कितीतरी कंपन्या बनवतात आणि सगळ्या सारख्या काळजीनं बनवत नाहीत, तेव्हा त्या सहा हजारांवर विसंबून पैसे मोजू नका. दुसऱ्या बाजूला ग्लॉक २१ हा सर्वांत ओळखीचा नमुना. मॅगझिनमध्ये १३ गोळ्या, वजनाला हलकं. मी ज्यावर जास्तीत जास्त गोळ्या झाडल्या ते मात्र दुसऱ्या एका कंपनीचं होतं. तिचं नाव देत नाही, कारण मला जी अडचण आली ती कुठल्या कंपनीची चूक नव्हे. जाड मूठ म्हटली की ती येतेच.

आधी पॉलिमरचं कौतुक करतो, ते त्याला द्यायलाच हवं. माझ्या हातात ते एकदाही अडलं नाही. स्वस्तातल्या गोळ्या, महागाच्या होलो पॉइंट (टोकाशी पोकळ), मित्रानं घरी भरलेल्या, सगळ्या खाल्ल्या. चापाशिवाय वेगळी सेफ्टी नाही, त्यामुळे विसरण्यासारखंही काही नाही. घामट हाताची आणि इथल्या दमट हवेची त्याला पर्वा नाही. माझं निळसर पोलाद मात्र जुलैत एक आठवडा तेलाविना राहिलं आणि स्लाइडच्या, म्हणजे वरच्या सरकत्या भागाच्या, कडेला तांबूस ठिपके दिसायला लागले. उघडायला अर्धं मिनिट पुरतं. त्या घाटाच्या बऱ्याच पिस्तुलांत उघडण्याआधी चाप दाबावा लागतो, तेवढं मला खटकतं. घरात मुलं आहेत, आणि ‘रिकामं आहे’ अशी खात्री करूनही चाप दाबताना दरवेळी पोटात गोळा येतो. पण एवढ्यावरून मी नकार दिला नसता.

नकार मुठीवरून दिला.

.४५ चं काडतूस ३२ मिमीच्या आसपास लांब आणि बुडाशी १२ मिमी जाड असतं. ती एकाआड एक अशा दोन रांगांत मॅगझिनमध्ये बसवायची, त्यावर मॅगझिनचा पत्रा, त्यावर मुठीची भिंत. म्हणजे मूठ मागून पुढं लांब आणि आडवीही जाड. माझा हात लहान आहे. मीडियम हातमोजा घातला तर बोटांची टोकं रिकामी राहतात. नळी आणि कोपरापर्यंतचा हात एका रेषेत येईल अशी नीट पकड घेतली, तर तर्जनीचं फक्त टोक चापाला टेकतं. पहिल्या पेराचा गादीसारखा भाग तिथवर पोचतच नाही. टोकानं दाबलं की चाप सरळ मागं येत नाही, सगळं पिस्तूल किंचित डावीकडं ढकललं जातं. सात यार्डांवर माझा ग्रुप, म्हणजे गोळ्यांच्या भोकांचा पुंजका, मधल्या काळ्यापासून चार बोटं डावीकडं आणि जरा खाली. ग्रुप छोटा होता, म्हणजे हात थरथरत नव्हता. एकाच चुकीच्या जागी सगळ्या गोळ्या जात होत्या.

कोल्हापुरात एनसीसीत आम्हाला .२२ रायफल शिकवणारे उस्ताद एकच गोष्ट घोकून घ्यायचे: ट्रिगर ओढायचा नाही, दाबायचा. ते वाक्य माझ्या बोटात इतकं मुरलंय की चाप सरळ दाबला जात नाही हे गोळी सुटायच्या आधीच कळतं. कळूनही उपाय नव्हता.

एक उपाय करून पाहिला. मूठ तळहातात थोडी फिरवून धरली. मग बोट पोचतं, पण नळी आणि मनगट एका रेषेत राहत नाहीत. मुठीची मागची कड तळव्यावरून सरकून अंगठ्याच्या बुडाच्या सांध्यावर येते आणि सगळा धक्का त्या हाडावर बसतो. पहिल्या पन्नास गोळ्यांना काही वाटलं नाही. दुसऱ्या पेटीत मी दर गोळीआधी पकड सावरू लागलो. दुसऱ्या दिवशी सकाळी सांडशीनं चहाचं पातेलं उचलायला गेलो तर अंगठा पुरता मिटेना. हे एकदा नाही, चार वेगवेगळ्या दिवशी झालं. मुठीची मागची पट्टी बदलता येते, तिचं सगळ्यात लहान माप लावून पाहिलं. फरक पडला, पण बोटाच्या अर्ध्या पेराला जेवढा हवा होता तेवढा नाही. ग्लॉकनंसुद्धा २००७ साली २१ ची मूठ कमी करून २१ एसएफ काढलं, त्यावरून ही अडचण माझ्या एकट्याची नसावी.

आणि इथंच १९११ नं बाजी मारली. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकन सैन्यात याच पिस्तुलाबद्दल हीच तक्रार होती, की लहान हाताच्या माणसाला चाप लांब पडतो. म्हणून १९२० च्या दशकात १९११ए१ आलं. त्यात चाप आखूड केला आणि चापाच्या मागं फ्रेमला दोन्ही बाजूंनी खोलगट खाचा काढल्या, बोटाला वाट मिळावी म्हणून. आज बनणाऱ्या बहुतेक १९११ मध्ये त्या खाचा असतात. मॅगझिन एकाच रांगेचं, त्यामुळे मूठ चपटी. माझं बोट पेराच्या मधोमध चापावर बसतं आणि नळी मनगटाच्या रेषेतच राहते. शिवाय हा चाप बिजागरीवर झुलत नाही, सरळ मागं सरकतो. जरा ढील, मग एक भिंत, आणि वाळकी काटकी मोडावी तसा सुटतो. किती पौंडांवर सुटतो ते मी मोजलेलं नाही. एवढंच सांगतो की पहिल्याच दिवशी, भाड्याच्या आणि खूप वापरलेल्या १९११ वर, माझा ग्रुप मधोमध आला. शंभर गोळ्या झाडल्या आणि दुसऱ्या दिवशी अंगठ्याची आठवणही झाली नाही. वजन किलोभराहून जास्त असल्यानं धक्काही मवाळ लागतो.

१९११ चा त्रास लपवत नाही. सात किंवा आठ गोळ्या, बस. उघडून साफ करायचं तर नळीच्या तोंडाशी बुशिंग नावाचं कडं असतं, ते फिरवताना स्प्रिंगची टोपी अंगठ्याखाली दाबून धरावी लागते. पहिल्याच महिन्यात माझ्या हातून ती निसटली, कानाजवळून गेली आणि फ्रीजच्या मागं सापडली. तेव्हापासून साफसफाईलाही मी रेंजवरचा चष्मा घालतो, तुम्हीही घाला. मुठीच्या मागं ग्रिप सेफ्टी असते, ती तळव्यानं दाबली गेली तरच गोळी सुटते. अंगठा सेफ्टीच्या खटक्यावर उंच ठेवण्याची सवय असेल तर तळव्यात पोकळी पडते आणि चाप दाबूनही काही होत नाही. माझं दोनदा असं झालं. खालच्या बाजूला उंचवटा असलेली ग्रिप सेफ्टी घेतली की हा प्रश्न बराचसा मिटतो. पैसेही जास्त जातात. पॉलिमरच्या किमतीत १९११ मिळतं, पण त्या किमतीतलं मी चाचपलं तेव्हा स्लाइड कडेला घासत होती.

घरी वेगळाच मुद्दा निघाला. “हा घोडा असा चढवून कपाटात ठेवणार आहेस तू?” बायकोनं विचारलं. घोडा चढवून, सेफ्टी लावून ठेवणं ही या घाटाची रूढ पद्धत आहे आणि ती जाणकारांच्या हाती सुरक्षित आहे. पण तिचं म्हणणं मी मानलं. आमच्याकडे नळी रिकामी असते, पिस्तूल बोटाच्या ठशाच्या लॉकरमध्ये आणि काडतुसं वेगळ्या कुलपात. सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेलं हत्यार लागेल असं ठेवणं टेक्सासात गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी मी असंच ठेवलं असतं. उलट एका बाबतीत तिनंच १९११ च्या बाजूनं कौल दिला. पॉलिमरची स्लाइड तिला पूर्ण ओढता येत नव्हती. १९११ चा घोडा आधी अंगठ्यानं मागं घेतला की स्लाइड बरीच सैल ओढली जाते, कारण ओढताना घोड्याची स्प्रिंग आड येत नाही. स्ट्रायकरच्या पिस्तुलात ही सोय नाही.

दुकानात पाहायला गेलात तर पिस्तूल रिकामं आहे हे स्वतः बघा, डोळ्यानंही आणि करंगळी घालूनही. मग ‘ड्राय फायर (रिकाम्या पिस्तुलाचा चाप दाबून बघणं) करू का’ असं विचारून सुरक्षित दिशेला धरा. डोळे मिटून पिस्तूल समोर आणा, मग उघडा. नेम धरायच्या पुढच्या-मागच्या साइट आपोआप रेषेत आल्या तर मूठ तुमच्या हाताची आहे. बोट कुठल्या भागानं चापाला टेकतंय ते वाकून पाहा, यात लाजू नका. १९११ असेल तर घोडा चढवून सेफ्टी लावा, चाप जोरात दाबा, सोडा, मग सेफ्टी काढा: घोडा जागचा हलता कामा नये. नंतर ग्रिप सेफ्टी न दाबता चाप दाबून तेच तपासा. यातलं एकही चुकलं तर सवलत कितीही देत असले तरी बाहेर पडा. आणि रिकाम्या नळीवर १९११ ची स्लाइड धाडकन सोडू नका, हातानं सावकाश पुढं न्या.

तुमचा हात मोठा असेल, बोट दुसऱ्या पेरापर्यंत सहज पोचत असेल, पिस्तूल तेलपाण्याविना महिनाभर गाडीत राहणार असेल, तर पॉलिमर घ्या; तुमच्या जागी मीही कदाचित तेच घेतलं असतं. माझा एक मित्र सहा फुटांच्या वर आहे, त्याच्या पंज्यात तेच जाड पिस्तूल खेळण्यासारखं बसतं आणि तो माझ्याहून चांगला नेम मारतो. पण हात मध्यम किंवा लहान असेल, आणि आपल्यात तसेच जास्त, तर मला वाटतं १९११ आधी हातात घ्या, पॉलिमर नंतर. शक्यतो एकाच दिवशी, प्रत्येकी शंभर गोळ्या. पन्नासावर थांबलात तर मला जे कळलं ते तुम्हाला कळणार नाही.

१९११ घेतलंत तर मॅगझिन चांगल्यापैकी घ्या, पिस्तुलाबरोबर आलेल्यावर भागवू नका. मी चार घेतली आणि बुडावर पांढऱ्या मार्करनं एक ते चार आकडे घातले. पहिल्या पाचशे गोळ्यांत पाच वेळा काडतूस नळीच्या तोंडाशी तिरकं अडकलं, आणि पाचही वेळा मॅगझिन तीन नंबरचं होतं. ते फेकून दिलं. त्यानंतर अजून एकदाही अडलेलं नाही.