५० पानांचं जेवण घरी: मसालेभात, पावभाजी, मिसळ की छोले?

बारसं, केळवण, सत्यनारायण, नाहीतर सोसायटीच्या गणपतीतलं एका संध्याकाळचं जेवण. माणसं ४०-५० होणार असं दिसलं की घरात पहिला प्रश्न निघतो, आचारी सांगायचा की घरीच करायचं? घरीच ठरलं तर लगेच दुसरा: मुख्य पदार्थ कुठला? कोथरूडच्या आमच्या सोसायटीत आणि नातेवाइकांकडे मी हे चारही पदार्थ ५० पानांसाठी केले आहेत, काही पुन्हा पुन्हा. ज्यांचं अजून ठरत नाहीये त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

माझं म्हणणं आधीच सांगते. पदार्थ आपण चवीवर निवडतो आणि अडकतो वाढताना. भाजी, उसळ, रस्सा सकाळपासून सवडीनं होतो. पाव, पुरी, भाकरी मात्र गरमच हवी असते, आणि ती नेमकी पानं मांडल्यावर लागते. म्हणून निवडताना एक हिशोब जरूर करा: जेवणाच्या त्या तास-दीड तासात शेगडीपाशी किती जण उभे राहणार, आणि त्यांना सगळ्यांबरोबर जेवायला बसता येणार का?

पावभाजीवरच हा हिशोब करून बघा. माणशी ४ पाव धरले तर २०० पाव झाले. घरच्या तव्यावर उघडलेले ४ पाव बसतात. एका घाण्याला २ मिनिटं धरली तरी ५० घाणे, म्हणजे १०० मिनिटं. तोवर पहिली पंगत भाजी संपवून बसलेली असते. छोले-पुरीचं याहून अवघड. माणशी ५ पुऱ्या म्हणजे २५० पुऱ्या; एक लाटणारी, एक तळणारी, दोघींना दीड तास मान वर करायला फुरसत नाही. मिसळीला पाव भाजावा लागत नाही, पुण्यात तर कित्येक ठिकाणी तिच्यासोबत स्लाइसच देतात. एक जण वाडगे भरतो, दुसरा कट ओततो, काम होतं. आणि मसालेभात? पातेल्यावरचं झाकण काढायचं आणि वाढायला घ्यायचं. कोशिंबीर, मठ्ठा, पापड, जिलेबी सगळं आधीच तयार.

म्हणून करणारे हात दोन किंवा तीनच असतील तर माझं मत मसालेभाताला. पण चौघांत सगळ्यात लवकर बिघडणारा पदार्थही तोच आहे, त्यामुळे त्याबद्दल जरा सविस्तर सांगते.

पहिल्यांदा ५० जणांचा मसालेभात केला तेव्हा मी घरचं १० जणांचं प्रमाण घेतलं आणि सरळ पाचनं गुणलं. तांदूळ पाचपट, पाणी पाचपट, लवंगा-मिरेही पाचपट. ४ किलो तांदूळ एकाच उंच पातेल्यात. पाऊण तासानं झाकण काढलं तर वर दाणा कच्चा, मध्ये लापशी आणि तळाला बोटभर करपलेला थर. करपल्याचा वास सगळ्या भाताला लागला होता. तो वास कशानंही जात नाही. त्या दिवशी पाहुण्यांनी चांगुलपणानं खाल्लं, मला मात्र एक घास गिळवला नाही.

चूक कुठे झाली ते नंतर समजलं. भांडं मोठं झालं की आतल्या ऐवजाच्या मानानं वाफ कमी उडते, म्हणून पाणी त्या पटीत वाढवायचं नाही. घरी एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी घालत असाल तर मोठ्या पातेल्यात पावणेदोन पुरे. भाज्यांनाही पाणी सुटतं, ते वेगळंच. लवंग, दालचिनी, मिरची यांचा जोरही सरळ गुणाकारानं वाढवू नये. पाचपट ऐवजाला साडेतीनपटीनं सुरुवात करा, लागलं तर वरून घालता येतं. आणि ४ किलोचं एक पातेलं करण्यापेक्षा २-२ किलोची दोन, तीही पसरट.

तांदूळ कुठला, यावर आमच्या घरी दर वेळी चर्चा होते. सासूबाईंच्या मते मसालेभात म्हणजे मुळशीचा आंबेमोहोर. वासाला त्याला तोड नाही, आणि १० जणांसाठी मीही तोच घेते. इंद्रायणी मूळ त्याच्याच घरातला, मावळातला. पण दोन्ही चिकट. मोठ्या पातेल्यात वरच्या भाताचं वजन खालच्या भातावर येतं आणि गोळा होतो. ५० पानांना मी जुना कोलम वापरते. जुना तांदूळ पाणी जास्त पितो आणि मोकळा राहतो. मार्केटयार्डात भुसार दुकानदाराला ‘जुना आहे का’ असं विचारलं की तो मूठभर हातावर घेऊन दाखवतो.

इतर काही सोबत असेल तर माणशी ८० ग्रॅम तांदूळ पुरतो, म्हणजे ५० जणांना ४ किलो. त्यात तोंडली दीड किलो, फ्लॉवर आणि मटार एक-एक किलो, गोडा मसाला १५० ग्रॅमच्या आसपास. तो ज्याच्या त्याच्या मसाल्याच्या जोरावर. तोंडली आधी तेलावर चांगली परतून घ्या, नाहीतर भातात ती करकरीत राहतात. तांदूळ धुऊन निथळत ठेवा आणि फोडणीत दाणा पांढराशुभ्र दिसेपर्यंत परता. पाणी उकळतंच घालायचं. हे पाणी आधी वेगळ्या शेगडीवर चढवा, कारण ८-९ लिटर पाण्याला घरच्या मोठ्या बर्नरवर अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागतो.

यापुढची दहा मिनिटं पातेल्यापाशीच थांबायचं. पाणी तांदळाच्या पातळीला येतं, मग वर बारीक बारीक भोकं पडतात आणि त्यातून वाफ फसफसते. त्या क्षणी आच मंद करा, पातेल्याखाली जाड तवा सरकवा, झाकणावर वजन ठेवा. उलथन्याचा दांडा कडेनं तळापर्यंत घालून बघा, ओला निघाला तर पाच मिनिटं अजून. दाणा बोटानं दाबल्यावर मध्ये कणी लागते असं वाटत असतानाच गॅस बंद करा. एवढ्या भाताची ऊब सहजी उतरत नाही, ती कणी वाफेवर आपोआप शिजते. मी पहिल्या वेळी पूर्ण शिजेपर्यंत आच चालू ठेवली होती. २० मिनिटांनी झाकण काढून तूप सोडायचं, खोबरं-कोथिंबीर पेरायची.

मसालेभाताचा आणखी एक मोठा गुण म्हणजे कांदा-लसणाशिवाय त्याचं काही अडत नाही. श्रावणात, चातुर्मास पाळणाऱ्या घरी, सत्यनारायणाच्या प्रसादाच्या जेवणात पावभाजी आणि मिसळ विचारातही घेऊ नका. कांदा-लसूण काढलेली पावभाजी मी करून पाहिली आहे, ती बटाट्याची पातळ भाजी होते. छोले मात्र हिंग आणि भरपूर आल्यावर छान जमतात.

पावभाजी कधी करावी? लहान मुलं जास्त असतील, संध्याकाळ असेल आणि तवा सांभाळायला दोन तरुण हात हक्कानं मिळणार असतील तेव्हा. ज्या घरात भाचे-पुतणे हौशी आहेत तिथे ती झकास होते. भाजी दुपारीच करून ठेवता येते, गरम केली की पूर्वपदावर येते, थोडी करपली तरी वरची दुसऱ्या पातेल्यात काढून वाचवता येते. भाताला ही सवलत नाही. ५० जणांना बटाटे ४ किलो, टोमॅटो ४ किलो, फ्लॉवर आणि मटार दोन-दोन किलो, कांदे अडीच किलो, ढोबळी मिरची एक किलो, लोणी पावासकट दीड किलो. भाजी मंडईतून आदल्या दिवशी आणा, पण पाव त्याच दिवशी दुपारनंतरचे घ्या आणि बेकरीत दोन दिवस आधी सांगून ठेवा. २०० पाव ऐन वेळी एका बेकरीत मिळतीलच असं नाही. तवा भाड्यानं आणला तर वेळ निम्म्यावर येतो. मंडपवाल्यांकडे आणि भांडी भाड्यानं देणाऱ्यांकडे मोठा तवा, शेगडी सगळं मिळतं.

भांड्यांचा विषय निघाला म्हणून: भाड्याचं पितळी पातेलं आलं तर आत कल्हई नीट आहे का ते उजेडात धरून बघा. कल्हई उडालेल्या पातेल्यात टोमॅटो, चिंच, ताक कळकतं, आणि ते पोटाला बाधतं. पावभाजी आणि छोल्यांना मी स्टीलचंच मागते. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात आंबट भाजी तासन्‌तास ठेवायची नाही.

मिसळ ही सकाळची. रविवारी बाळ बघायला येणारे कुणी नऊला येतात, कुणी अकराला, एकत्र पंगत बसतच नाही. तिथे मसालेभात गार होतो, पावभाजीचा तवा दोन तास पेटता ठेवावा लागतो. मिसळीचा कट मंद आचेवर उकळत राहतो, येईल त्याला वाडगा भरून द्यायचा. माणशी ५० ग्रॅम सुकी मटकी, म्हणजे अडीच किलो. मोड आल्यावर ती दुपटीच्या वर जाते. फरसाण दोन-अडीच किलो. कट मात्र १० लिटरच्या खाली करू नका, कारण लोक मिसळ एकदा घेतात आणि कट तीनदा मागतात. उसळ बेताची तिखट आणि कट जहाल ठेवला तर आजी-आजोबांपासून कॉलेजच्या मुलांपर्यंत सगळ्यांचं भागतं. गोडा मसाला आणि किंचित गूळ घातला की चव आपली पुणेरी होते. लक्ष द्यायचं ते मोडांकडे. मे महिन्यात मटकी ८-१० तासांत मोड काढते आणि दुर्लक्ष झालं तर आंबूस होते. डिसेंबरात तिलाच २४ तास लागतात. तारीख थंडीतली असेल तर एक दिवस आधी सुरुवात. दुपारच्या जेवणाला मिसळ मी सुचवणार नाही, ज्येष्ठ मंडळी भात शोधत राहतात.

छोले चवीनं दुसऱ्या दिवशी जास्त मुरतात, म्हणून अनेक जण आदल्या रात्री करून ठेवतात. अडचण इथेच आहे. १२ किलो छोले एका पातेल्यात तसेच ठेवले तर मधला भाग पहाटेपर्यंत कोमटच राहतो, आणि कोमट अन्न बिघडतं. दोन तासांच्या आत पसरट परातींत काढून गार करायचं आणि फ्रिजमध्ये टाकायचं. घरच्या फ्रिजमध्ये तेवढी जागा असते का ते आधी बघा. शेजारच्या दोन-तीन घरांत विभागून ठेवता येत असेल तरच आदल्या रात्रीचा बेत करा. काबुली चणे साडेतीन किलो लागतात. १० ते १२ तास भिजले की दुप्पट होतात, आणि कुकर कडधान्यानं निम्म्याहून जास्त भरायचा नाही, त्यामुळे ५ लिटरच्या एका कुकरमध्ये पाच खेपा होतात. शेजारणींचे दोन कुकर मागून आणले की दीड तासात उरकतं. पुऱ्यांच्या नादी लागू नका. जिरा राइस करा, आणि पोळी-भाजी केंद्रातून फुलके सांगून ठेवा. राजम्याचा बेत असेल तर तो रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून, खळखळून उकळवून शिजवा. अर्धवट शिजलेला राजमा विषारी असतो.

भरली वांगी आणि पिठलं-भाकरीबद्दल खूप जण विचारतात. वांगी माणशी तीन धरली तर १५० वांगी चिरून भरायची, आणि मोठ्या पातेल्यात ढवळताना ती फुटतात. २० जणांच्या वर मी करत नाही. पिठलं थांबलं की घट्ट होतं, त्याऐवजी झुणका करा. भाकरी १०० लागतील, त्या बचत गटाच्या बायकांकडून करून घेतल्या तर हा बेत हुरड्याच्या दिवसांत सुरेख होतो.

खर्चात मसालेभात आणि छोले हातात हात घालून चालतात, पावभाजी लोण्यामुळे वर जाते. मटार स्वस्त असण्याच्या दिवसांत, डिसेंबर-जानेवारीत, तिचाही भार हलका होतो.

उरलेल्या भाताचं काय, हे मात्र आधीच ठरवून ठेवा. तांदळातल्या बॅसिलस सिरिअस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. कोमट भातात ते वाढतात, आणि त्यांनी केलेलं विष भात पुन्हा गरम केल्यानंही जात नाही. म्हणून आमच्याकडे शेवटची पंगत बसत असतानाच उरेल असा दिसणारा भात एका परातीत पसरून पंख्याखाली ठेवतो आणि पानं उठायच्या आत डबे भरतो. वॉचमनचा डबा, कामाला येणाऱ्या ताईंचा डबा, उरलेला घरोघरच्या फ्रिजमध्ये. उन्हाळ्यात दुपारचं जेवण असेल तर हे तासाभरात उरकायचं, कारण मे महिन्यातल्या दुपारी भात दोन तासही थांबत नाही.