फ्रॉस्टपंक २ : माणसे वाढतात, ऊब पुरत नाही

‘फ्रॉस्टपंक’ या संगणकीय खेळाच्या २०१८ सालच्या पहिल्या भागात, गोठलेल्या जगात, कोळशावर चालणाऱ्या एका अवाढव्य जनरेटरभोवती ८० माणसांनिशी वस्ती उभारायची होती. वॉर्सा येथील ‘इलेव्हन बिट स्टुडिओज’ने सप्टेंबर २०२४ मध्ये आणलेला दुसरा भाग त्या कथेनंतर ३० वर्षांनी सुरू होतो. वस्तीचा जुना प्रमुख, म्हणजे ‘कॅप्टन’, वारला आहे, त्याच वस्तीचे झालेले शहर ‘न्यू लंडन’ हजारोंच्या घरात गेले आहे, कोळसा सरत आला आहे, आणि कारभारी म्हणून खेळाडूच्या हाती येते ते वाढत राहण्यावाचून गत्यंतर नसलेले शहर. नगररचनेच्या खेळांमध्ये या वाढीचा हिशेब इतक्या निष्ठुरपणे मांडणारा दुसरा खेळ माझ्या पाहण्यात नाही.

कोळशाऐवजी इंधन म्हणून तेल काढायला, अन्न पिकवायला, कारखाने चालवायला माणसे हवीत. माणसे आली की त्यांना घरे हवीत, घरांना उष्णता हवी आणि उष्णतेसाठी पुन्हा तेल हवे. बांधकामाआधी बर्फ फोडून जमीन मोकळी करावी लागते, त्यालाही मनुष्यबळ आणि ‘हीटस्टॅम्प’ खर्ची पडतात. (चलनालाच उष्णतेचे नाव द्यावे, ही कल्पना मला फार आवडली.) निवारा अपुरा पडला की थंडी आणि आजार वाढतात, वस्तूंचा तुटवडा झाला की गुन्हेगारी, आणि तो भरून काढायला उद्योग वाढवावेत तर बकालपणा.

खरी गोडी मात्र शहराचे कायदे ठरवणाऱ्या १०० सदस्यांच्या परिषदेत आहे. कायदा संमत व्हावा म्हणून एखाद्या गटाला काही कबूल करायचे आणि ते पाळले नाही तर त्याचा रोष पत्करायचा, हे राजकारण येथे शोभेपुरते नाही. बाहेरून येणाऱ्या सर्वांना आत घ्यावे, की कामास उपयोगी पडतील तेवढ्यांनाच, हा प्रश्नही याच सभागृहात मतास येतो. भूमिपुत्र विरुद्ध उपरे हा वाद आपल्या ओळखीचाच. परंतु येथील उपरे, म्हणजे ‘फ्रॉस्टलँडर’, जनरेटरवाचून बर्फात तगलेले लोक आहेत आणि इंधन संपत आलेल्या शहराला त्यांच्याकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. त्यामुळे त्यांच्या बाजूने मत देणे ही निव्वळ दया राहत नाही.

नेमके याच ठिकाणी खेळ कमीही पडतो. नवे लोक आले की लोकसंख्येचा आकडा वाढतो, त्यापलीकडे त्यांचे येणे फारसे जाणवत नाही. पहिल्या भागात एकेक इमारत उभारायची असल्याने माणूस दृष्टीआड होत नसे. आता अख्खे विभाग एकदम वसवायचे असतात आणि काळ आठवड्यांनी पुढे सरकतो. कारभाऱ्याला माणसे आकड्यांतच दिसतात, असे समर्थन यावर करता येईल, पण मला ते पटत नाही: ज्या स्थलांतरावर सारा डोलारा उभा आहे, त्याची झळ खेळाडूलाही लागायला हवी होती.

खेळ मराठीत नाही आणि कायद्यांचा, वाटाघाटींचा मजकूर बराच असल्याने इंग्रजी वाचण्याचा कंटाळा असणाऱ्यांनी विचार करूनच घ्यावा. घेतलाच, तर आधी कथेचा भाग पूर्ण करावा. ‘यूटोपिया बिल्डर’ या मुक्त प्रकारात कथेचा दाब नसतो, आणि परिषदेची नस सापडली नसेल तर तेथील स्वातंत्र्य लवकरच रटाळ वाटू लागते.